सीमाभागातल्या उमेदवाराने बायोडेटा कसा भरावा

‘स्किल्स’च्या रकान्यात एमएस ऑफिस आणि ‘हार्डवर्किंग’ एवढंच खरडून पुढं सरकणाऱ्या बेळगाव-खानापूर-निपाणीच्या पोरांनो, जरा थांबा की! पुण्या-बंगळूरच्या कंपन्या जे शिकवायला माणसांना दोन-दोन दिवस एसी हॉटेलात कोंडतात, ते तुम्हाला फुकटात मिळालंय. कुठल्याही खात्यात, कुठल्याही खुर्चीवर चालतं. नुसतं लिहायचं राहिलंय.

पहिलं, संभाषणकौशल्य. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मालकाशी मराठी, सुपरवायझरशी कन्नड, सीएनसी मशीनवरच्या बिहारी ऑपरेटरशी हिंदी आणि बनवलेला पार्ट रिजेक्ट झाला की कस्टमरची माफी इंग्रजीत. समोरच्याशी कुठल्या भाषेत सुरुवात करायची हे आपण त्याच्या गाडीची नंबरप्लेट आणि कॅलेंडरावरची तारीख बघून ठरवतो. १ नोव्हेंबरला तर तोंडच उघडायचं नसतं. एका चौकात कर्नाटकचा राज्योत्सव, दुसऱ्या चौकात मराठी भाषिकांचा काळा दिवस, आणि तुम्हाला आणायचंय अर्धा लिटर दूध. ते न सांडता घरी आलात की समजा, ‘स्टेकहोल्डर मॅनेजमेंट’ जमलं.

मग चिकाटी. यात आपला हात धरणारा कोणी नाही. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा, वाद अजून तसाच; आणि मॅनेजर तुम्हाला विचारणार, ‘डेडलाईनचं प्रेशर झेपेल का?’ हसू नका. गंभीर चेहऱ्याने ‘प्रयत्न करीन’ म्हणा.

पण खरी परीक्षा दाखल्याची. महाराष्ट्राच्या नोकरभरतीच्या जाहिरातीत बारीक अक्षरात एक ओळ असते: सीमाभागातल्या ८६५ गावांतले मराठी भाषिक उमेदवारही अर्ज करू शकतात. वाचून आजी देवापुढं साखर ठेवते. फक्त पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला हवा. तो आणायचा कुठून? इथल्याच, कर्नाटकच्या कचेरीतून. म्हणजे, मी मराठी आहे म्हणून पलीकडं नोकरी पाहिजे, हे अलीकडच्या साहेबाला स्वच्छ कन्नडमध्ये पटवायचं. साहेब म्हणणार, ‘नाळे बर्री’, म्हणजे उद्या या. तुम्ही ‘हौद्री’, म्हणजे होय जी, म्हणून हात जोडायचे आणि उद्या खरंच जायचं. परवाही. तो कंटाळून सही करेल तेव्हा त्याला वाटलं पाहिजे की कल्पना त्याचीच होती. वाटाघाटींवर याहून चांगला अभ्यासक्रम बिझनेस स्कूलवाल्यांनी दाखवावा. (तोवर भरतीची शेवटची तारीख उलटलेली असते, खरं तो मुद्दा वेगळा.)

लेखनकौशल्य आहेच. वाढत्या वयाबरोबर आपण निवेदनं द्यायला शिकतो: कन्नडबरोबर मराठीतूनही कागदपत्रं द्या. निवेदन द्यायचं, फोटो काढायचा, पुढच्या वर्षी तारीख बदलून तेच द्यायचं. ऑफिसात याला फॉलोअप म्हणतात. दुकानदारांना ग्राफिक डिझाईनही येतं. फलकावर नियमाप्रमाणे ६० टक्के कन्नड लिहून उरलेल्या चाळीसात दुकानाचं मराठी नाव, इंग्रजी नाव, मोबाईल नंबर आणि गणपती बसवून दाखवतात.

संघभावनेबद्दल मात्र जपून लिहा. आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नावातच एकीकरण आहे आणि तरी निवडणूक आली की एकाच मतदारसंघात आपलेच दोघे समोरासमोर. २०१८ आणि २०२३ च्या विधानसभेत समितीचे आमदार किती आले? शून्य. हा रकाना रिकामा सोडला तरी चालेल.

मुलाखतीला गेल्यावर पुण्यात ‘तुमच्या बोलण्यात कन्नड हेल आहे हो’ असं ऐकाल आणि बंगळुरात ‘मराठीनां?’ असं. दोन्हीकडं तेवढंच गोड हसायचं, तेही कौशल्यच. जाताना बेळगावचा गोड कुंदा नेला असेल तर हसण्याची गरज निम्मी होते.

शेवटी एचआरच्या बाई हमखास विचारतील, ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?’

‘खानापुरातच, मॅडम. कुठल्या राज्यात, ते कोर्ट सांगेल.’