पाणी यायच्या आधीची यादी

पूर ओसरला की मदतीचा पूर येतो. ट्रक, ब्लँकेटं, सेल्फी. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका नाही, मीही पैसे पाठवते. पण हेच पैसे पाणी यायच्या आधी मागून बघा. भोंगा घ्यायचाय, होडी घ्यायची आहे, पोरापोरींना प्रथमोपचार शिकवायचे आहेत म्हणून सांगा. लोक विषय बदलतात.

माझं मत असं, की पुराच्या तयारीत पहिला पैसा आणि पहिला वेळ माणसांवर लागला पाहिजे. इशारा कोण ऐकणार, तो कोणाला सांगणार आणि ज्याला चालता येत नाही त्याला कोण उचलणार, हे आधी ठरलेलं हवं.

१९७० च्या चक्रीवादळात समुद्र आत घुसून आजच्या बांगलादेशात किमान ३ लाख माणसं गेली. १९७२ मध्ये तिथे सरकार आणि रेड क्रेसेंट या मदतसंस्थेने मिळून गावोगाव स्वयंसेवक उभे केले. आज ते ७० हजारांच्या वर आहेत. त्यांची साधनं बघून हसू येईल: झेंडे, कर्णा, हाताने फिरवायचा भोंगा. २०२० मध्ये ऐन कोविडात अम्फान चक्रीवादळ आलं, तेव्हा तिथे २० लाखांहून जास्त लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. निवारे बांधले गेले, उपग्रह आले, हेही खरंच. पण १९९१ च्या वादळात पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त दगावल्या, आणि त्याची कारणं कुठल्याही उपग्रहाला दिसणारी नव्हती. घरच्या पुरुषाला विचारल्याशिवाय निघायचं कसं? परक्या गर्दीत रात्र काढायची कशी? दावणीची जनावरं सोडून जायचं कसं? मग निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, गुरांसाठी मातीचे उंचवटे आले. स्वयंसेवकांमध्ये आता जवळपास निम्म्या बायका आहेत. दार ठोठावणारी बाई असली की आतली बाई लवकर बाहेर पडते, एवढं साधं आहे ते.

आता श्रीमंत देशाचं बघा. जुलै २०२१ मध्ये जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात १३० हून अधिक लोक गेले. युरोपच्या पूरसूचना यंत्रणेने धोका काही दिवस आधीच कळवला होता. तरी झिन्त्सिग गावात दिव्यांगांच्या निवासातले तळमजल्यावरचे १२ जण रात्री पाण्यात बुडाले. वरचा मजला डोक्यावरच होता.

त्याच नदीला १८०४ आणि १९१० मध्येही भयंकर पूर आले होते. पुराचे नकाशे मात्र अलीकडच्या मोजमापांवर बेतलेले. म्हणून म्हाताऱ्या माणसांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं. फक्त ती खूण किमान धरा, कमाल नव्हे. हवा १ अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. आजोबांच्या खुणेवर पाणी थांबेल असं कोणी लिहून दिलेलं नाही.

भिंतींबद्दल थोडक्यात. बांध झाला की लोक निर्धास्त होऊन त्याच्या आडोशाला आणखी घरं बांधतात, हे गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९४० च्या दशकातच मांडलं होतं. डच लोकांनी तर नायमेखनला असलेला बांध ३५० मीटर मागे नेला आणि नदीला जागा दिली. आपल्याला मात्र उद्घाटनाला भिंतच लागते.

सगळ्यात अवघड असतो तो फुकट गेलेला इशारा. एकदा घरं सोडली आणि पाणी आलंच नाही, की पुढच्या वेळी कोणी हलत नाही. यावर उपाय एकच दिसतो: परत आल्यावर लोकांना बोलावून खुलेपणाने सांगणं, की अंदाज काय होता, पाणी कुठे वळलं आणि पुन्हा तसाच अंदाज आला तर पुन्हा हलवू. न सांगता गप्प बसलं की अफवा ते काम करतात.

वस्तीच्या पुढच्या बैठकीत एवढा एकच विषय घ्या. अंथरुणाला खिळलेले, बाळंतिणी, एकटे राहणारे, आईबाप रात्रपाळीला गेल्यावर मागे उरणारी मुलं. प्रत्येक नावासमोर उचलणाऱ्यांची दोन नावं लिहा, कारण त्यातला एक नेमका त्या दिवशी बाहेरगावी असतो. मग एखाद्या कोरड्या रात्री, दिवे बंद करून, सगळ्यांना खरोखर हलवून बघा.