पानठेल्यावरची ग्रामसभा

यंदा 1 मे रोजी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी ग्रामसभेची नोंदवही शिपायाच्या काखेतून पानठेल्यावर आली, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून होईपर्यंत बाबांनी तीत सही केली आणि 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी तेवढी गणपूर्ती कागदोपत्री झाली. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर यावरून जुंपली. लोकांनाच आस्था नाही, असे शिकलेल्या मुलांचे म्हणणे पडले आणि मी स्वित्झर्लंडमध्ये राहतो म्हणून त्यांनी माझ्याकडे तिथला दाखला मागितला.

दाखला मी दिला, पण तो त्यांच्या बाजूचा नाही. झ्यूरिचजवळ मी राहतो त्या गावातही सभेला मूठभरच मतदार येतात. मला मतदानाचा हक्क नसल्याने मी बाजूच्या खुर्चीवर बसून पाहतो. मात्र अंदाजपत्रक आधीच वाचायला मिळते आणि गावाच्या कराचा दर तिथेच हात वर करून ठरतो. गेल्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने शाळेच्या छपराचा खर्च विचारला, तेव्हा अध्यक्षांना पान उघडून उत्तर द्यावे लागले.

आस्थेचेच म्हणाल, तर पोळ्याला तोरणाखाली सारे गाव बैलांसह उभे राहते आणि न आलेले नळाचे पाणी, वाहून गेलेली रस्त्याची गिट्टी झडत्यांमधून, म्हणजे पोळ्याच्या टोमणेवजा गाण्यांतून, सरपंचांच्या तोंडावर निघते. सभेत ठरलेल्याने काही बदलत नाही, हे गावाला ठाऊक आहे, म्हणून ते सभेला येत नाही. सभेच्या हाती खरेच काही असते, असेही गाव आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबू विकायला लागणाऱ्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि तिथले निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात.

आमच्या कापसाच्या शिवारात जंगल नाही, हे खरे. पण घरपट्टी आहे आणि वित्त आयोगाचा निधीही आहे. त्याचा आराखडा आठ दिवस आधी घरोघरी देऊन एकेक काम सभेत मंजूर करायला जंगल लागत नाही.

निधीचा हिशेब सभेत वाचला का, असे मी बाबांना फोनवर विचारले. ते म्हणाले, ‘वाचला असंन. मी त सही करून वावरात गेलो.’