आमच्या बाजूने सगळं ओके आहे

'कनेक्टेड, नो इंटरनेट' ही ओळ ज्याने पहिल्यांदा लिहिली, त्याच्या प्रामाणिकपणाला माझा नमस्कार आहे. तो खोटं बोललेला नाही. लॅपटॉप राउटरला जोडलेला आहे, हे खरं. इंटरनेट नाही, हेही खरं. फक्त या दोन सत्यांच्या मधे जो माणूस बसलेला असतो त्याने पुढे काय करावं, याबद्दल ती ओळ काही बोलत नाही.

अर्थात त्या ओळीपर्यंत पोचायलाही नशीब लागतं. आधी वायफाय सापडावं लागतं.

लॅपटॉप भाच्याचा. त्याने नवा घेतला आणि जुना माझ्याकडे आला. "मामा, एकदम कंडिशनमध्ये आहे. डोळे झाकून वापर," असं म्हणाला. डोळे उघडे ठेवून पाहिलं तर वायफायचं चिन्ह कुठेच नव्हतं. त्या जागी विमान होतं. घरात, टेबलावर, चार्जर लावलेल्या अवस्थेत लॅपटॉप उड्डाणात होता.

विमानातून उतरायचं बटण कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या रांगेत असतं. त्या रांगेतल्या एकेका बटणाकडे दोन दोन खाती असतात आणि दुसरं खातं हवं असेल तर खालचं एफएन नावाचं बटण दाबून धरावं लागतं. वर काढलेली चित्रं इतकी बारीक, की मनोऱ्यातून लहरी निघताहेत की कारंजं उडतंय हे सांगता येत नाही. एक दाबलं तर स्क्रीन काळी झाली. ती उजेडात आणायला शेजारचं दाबलं तर टचपॅड झोपलं. टचपॅड बंद असताना टचपॅड चालू करायची सेटिंग कशी उघडायची, हा प्रश्न परीक्षेत विचारायला हरकत नाही.

खरं बटण कीबोर्डवर नव्हतंच. लॅपटॉपच्या पुढच्या कडेला, जिथे मनगट टेकतं त्याच्या बरोबर खाली, अंगाच्याच रंगाची एक पट्टी होती. नखाने सरकवायची. शेजारी टाचणीच्या टोकाएवढा दिवा: नारिंगी असेल तर बंद, निळा असेल तर चालू. जुन्या लॅपटॉपवर ही पट्टी सर्रास असायची, आणि तिच्यापुढे सॉफ्टवेअरचं काही चालत नाही. आत सेटिंगमध्ये जाऊन वायफाय कितीही वेळा चालू करा, पट्टी 'नाही' म्हणाली की नाही. नव्या लॅपटॉपमधून ही पट्टी जवळपास गायब झाली आहे. तो निर्णय घेणाऱ्यांनाही मनगटं असावीत.

दिवा निळा झाला आणि नेटवर्कची यादी उगवली. वर सगळे शेजारी, तेही भरघोस रेघांसकट. आमचं नेटवर्क तळाला. पासवर्ड राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर छापलेला होता आणि राउटर भिंतीवर, डोक्याच्या वर, दोन स्क्रूंना अडकवलेला. त्याला खाली घ्यायचं तर वायर निसटण्याची भीती. म्हणून स्टुलावर चढून, फोनचा टॉर्च दातांत धरून, मान मागे टाकून ते वाचलं. शून्य आहे की ओ? एक आहे, छोटा एल आहे, की मोठा आय? स्टिकर छापणाऱ्याच्या लेखी हे सगळे एकच. असा पासवर्ड कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा ठेवता येतो. ६३ अक्षरांचा ठेवणारा गृहस्थ मला अजून भेटलेला नाही. त्याच्याकडे पाहुणे दुसऱ्यांदा येत नसावेत.

पासवर्ड लागला. जोडलं गेलं. आणि मग ती ओळ आली.

"अहो, माझ्या फोनवर तर व्यवस्थित चालू आहे," बायको म्हणाली.

हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या फार मोलाचं आहे. राउटर ठीक, लाइन ठीक, दोष लॅपटॉपमध्ये, एवढं सगळं त्यात आहे. पण ते ज्या वेळी आणि ज्या सुरात म्हटलं जातं, त्यामुळे ऐकणाऱ्याचं लक्ष तांत्रिक बाजूकडे राहत नाही. मी "हं" म्हटलं आणि ट्रबलशूटर चालू केला.

ट्रबलशूटर म्हणजे विंडोजमधला दुरुस्तीवाला. एक पट्टी डावीकडून उजवीकडे सावकाश सरकते. 'समस्या शोधत आहोत.' पुन्हा तीच पट्टी, पुन्हा डावीकडून. माणूस हात जोडून बसतो. शेवटी निकाल येतो, की समस्या ओळखता आली नाही. ओळखता आली नाही म्हणजे नाहीच असा अर्थ घ्यायचा का, हे विचारायला खाली चौकट असते. 'हे उत्तर उपयोगी पडलं का?' ते पाठवायला इंटरनेट लागतं.

मग कस्टमर केअर. ध्वनिमुद्रित बाईंनी आधी सांगितलं की तक्रार नोंदवायची सर्वांत सोपी जागा म्हणजे आमचं संकेतस्थळ. त्यानंतर संगीत. त्यानंतर अतिशय नम्र आवाजाचा एक मुलगा.

"सर, आमच्या बाजूने सगळं ओके दाखवतंय."

"पण माझ्या बाजूने दाखवत नाहीये."

"हो सर. पण आमच्या बाजूने ओके आहे."

त्याने राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करायला सांगितलं. या तीस सेकंदांची मी पूर्वी चेष्टा करायचो, पण त्यामागे कारण आहे. आतले कपॅसिटर बटण बंद झाल्यावरही थोडी वीज धरून ठेवतात. लगेच चालू केलं तर राउटरच्या डोक्यातला जुना गोंधळ तसाच राहू शकतो. तेव्हा तीस सेकंद हे अंधश्रद्धेत मोडत नाहीत. राउटरसमोर उभं राहून ते मोठ्याने मोजणं मात्र मोडतं. मी मोजले. दिवे एकेक करून लागले. ओळ जागेवर.

त्याच सुमारास माझा संशय सिग्नलवर गेला आणि मी उघडा लॅपटॉप दोन्ही हातांत धरून घरभर फिरू लागलो. हे बाहेरून वेडेपणाचं दिसतं, पण लॅपटॉपचा अँटेना बहुतेक वेळा झाकणात असतो, स्क्रीनच्या कडेने. तिथून दोन बारीक वायरी, सहसा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून खाली वायफायच्या कार्डापर्यंत जातात. म्हणजे स्क्रीन मागेपुढे झुकवली तर अँटेना झुकतो आणि सिग्नलमध्ये खरोखर फरक पडू शकतो. मी हे बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं." पण तिने दार लावून घेतलं.

हवेतही गर्दी काही कमी नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरतात: १, ६ आणि ११. या तिघांत आम्ही, शेजारी, शेजाऱ्यांचे शेजारी, सगळ्यांचे ब्लूटूथचे हेडफोन, आणि शिवाय मायक्रोवेव्ह, जो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. कोणी काही गरम करायला लावलं की जवळच्या वायफायला धक्का बसू शकतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान, पण त्याला भिंती सोसत नाहीत. दोन भिंती पलीकडे गेला की तो मान टाकतो.

भिंतींचाच आणखी एक उपद्रव असा, की रेडिओलहरी त्यांच्यावर, कपाटांवर, माणसांवर आपटून उलटतात आणि एकच निरोप थोड्या थोड्या वेळाच्या फरकाने पुन्हा पुन्हा येऊन स्वतःच्याच पायांत पाय घालतो. या प्रतिध्वनींवर ज्यांनी तोड काढली, त्यांत ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञानसंस्थेतल्या जॉन ओसुलिव्हन यांचा गट होता. १९९६ साली त्यांना त्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. हे गृहस्थ मुळात रेडिओखगोलशास्त्रज्ञ. सत्तरच्या दशकात ते फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे संकेत शोधत होते. ते सापडले नाहीत, पण विस्कटलेल्या संकेतांशी झुंजण्याची त्या वेळची विद्या पुढे वायफायच्या कामी आली. हे वाचल्यावर मी जरा नरमलो. इतका मोठा माणूस इतकी वर्षं सिग्नल शोधून रिकाम्या हाताने परतला, तर मी कोण?

संध्याकाळी भाच्याला फोन लावला. तो आधी म्हणाला, "मामा, मला तुझ्या स्क्रीनचा ॲक्सेस दे, दोन मिनिटांत करतो." त्यासाठी काय लागतं हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ द्यावा लागला.

"बरं, मग सीएमडी उघड."

काळी खिडकी उघडली. या खिडकीत चित्र नाही, बटण नाही, एक रेघ तेवढी उघडझाप करत असते. तिच्यात फोनवरून ऐकून टाईप करणं म्हणजे दुसऱ्याच्या हाताने सुईत दोरा ओवणं.

"आयपीकॉन्फिग. सगळं जोडून. मग स्पेस. मग स्लॅश."

"कुठला स्लॅश? पुढे झुकलेला की मागे रेललेला?"

"पुढचा."

"कोणाच्या पुढचा?"

तिकडे क्षणभर शांतता. मग, "मामा, प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा."

लॅपटॉपचा नेटवर्कवरचा जुना पत्ता सोडून देणारं 'रिलीज' झालं, नवा मागणारं 'रिन्यू' झालं. राउटर मी मधेच पुन्हा बंद करून चालू केला होता आणि तो अजून नीट उठला नव्हता, म्हणून लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला. भाचा म्हणाला, "अरे, हा त्याने स्वतःच स्वतःला दिलाय." खरं आहे. नेटवर्कवर पत्ते वाटणारा कोणी जागेवर नसला, की विंडोज या ठरावीक मालिकेतला एक पत्ता स्वतःच घेऊन बसतं. कोणी विचारत नसताना स्वतःची नेमप्लेट लावून बसणारी माणसं मी पाहिली आहेत, यंत्र पहिल्यांदाच पाहत होतो. राउटर उठल्यावर पत्ता सुधारला. ओळ होती तिथेच.

"आता आठ आठ आठ आठला पिंग कर. मधे टिंब दे."

८.८.८.८ हा गूगलचा सर्व्हर. चार निरोप गेले, चारही उत्तरं आली. म्हणजे इंटरनेट होतं! माझ्या लॅपटॉपमधून निघालेली हाक पार बाहेर जाऊन परत येत होती आणि तरी लॅपटॉप नेट नाही म्हणत होता.

याचाही उलगडा आहे. जोडणी झाली की विंडोज एका ठरलेल्या जागेहून एक चिमुकली फाईल मागवतं. तिच्यात तीन शब्द असतात, 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट'. ते जसेच्या तसे आले तर इंटरनेट आहे, नाही तर नाही. एवढ्या मोठ्या महाजालाच्या अस्तित्वाचा निवाडा तीन शब्दांवर! पण त्या जागेचं नाव घेऊन तिचा आकडी पत्ता विचारावा लागतो, आणि पत्ता सांगायचं काम डीएनएसचं. आकडा सांगितला तर हाक पोचत होती, नाव घेतलं की अडत होती. म्हणजे गोची डीएनएसमध्ये.

"मामा, ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. आयपीव्ही४. तिथे डीएनएसच्या खाली काय लिहिलंय ते वाच."

मी वाचलं. १० ने सुरू होणारा एक पत्ता तिथे हाताने भरलेला होता.

फोनवर पुन्हा शांतता. या वेळची जरा लांब.

"अरे, तो आमच्या कॉलेजचा आहे."

हॉस्टेलवर आधी वायफाय होतं, तेव्हा त्याने कॉलेजच्या सर्व्हरचा पत्ता तिथे भरला. मग खोलीत केबल आली, वायफायची पट्टी सरकवून बंद झाली आणि तो पत्ता आत तसाच राहिला. १० ने सुरू होणारे पत्ते आतल्या नेटवर्कपुरते असतात, कॉलेजच्या आवाराबाहेर त्यांना कोणी ओळखत नाही. माझा लॅपटॉप प्रत्येक नाव घेऊन बिचारा त्या कॉलेजच्या दाराशी जात होता, आणि दार माझ्या घरात नव्हतं.

"पण मामा, तेव्हा ती सेटिंग बरोबर होती," भाचा म्हणाला. त्याच्याही बाजूने सगळं ओके.

'आपोआप मिळव' या गोलात टिंब दिलं, ओके दाबलं. कोपऱ्यात नेट नसल्याची खूण म्हणून बसलेला पृथ्वीचा गोल गेला आणि वायफायच्या कमानी आल्या. मी ब्राउझर उघडायला गेलो, तेवढ्यात लॅपटॉपने जाहीर केलं की बरेच दिवसांचे अपडेट बाकी आहेत. मला न विचारता ते उतरवायला सुरुवातही झाली. टक्के इतक्या सावकाश चढत होते की मी फोन हातात घेतला. फोनवर नुसतं चक्र फिरत होतं. लॅपटॉपने घरातलं सगळं नेट एकट्याने ओढून घेतलं होतं.

आतून आवाज आला, "अहो, नेट गेलं का? माझं मीटिंगमध्ये अडकलंय सगळं."

"आमच्या बाजूने सगळं ओके दाखवतंय," मी म्हणालो.