‘सुई टोचली की पसरतो’ : स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील एका संदेशाचा प्रतिवाद

“स्वादुपिंडाच्या कर्करोगावर उपचारच नाहीत, स्टीव्ह जॉब्ज यांनाही पैसा वाचवू शकला नाही, बायोप्सीची सुई टोचली की रोग पसरतो, ऑपरेशन आणि केमोथेरपीने माणूस उलट लवकर जातो, त्यापेक्षा साखर बंद करून भाज्यांचे रस आणि एन्झाइमच्या गोळ्या घ्या, गाठ विरघळते,” अशा आशयाचा मजकूर एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत असतो. पाठवणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. मात्र ज्या घरात नुकतेच निदान झाले आहे तेथे तो विश्वासाने वाचला गेला, तर शस्त्रक्रिया शक्य असण्याचे मोजके आठवडे हातचे जाऊ शकतात. म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

उपचारच नाहीत, हे अर्धसत्य आहे आणि त्याला आधार देणारे वास्तव कठोर आहे. स्वादुपिंड जठराच्या मागे, पोटात खोलवर असते. तेथील गाठ हाताला लागत नाही आणि बराच काळ दुखतही नाही. त्यामुळे निदानाच्या वेळी १०० पैकी जेमतेम १५ ते २० रुग्णांची गाठ काढण्याजोगी असते. अमेरिकेत निदानानंतर किमान पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण आज सुमारे १३ टक्के आहे. १९७० च्या दशकात ते ३ टक्क्यांच्या आसपास होते. १३ टक्के हा आकडा मोठा आहे असे मी म्हणणार नाही, पण त्यात सर्व टप्प्यांवरचे रुग्ण एकत्र मोजलेले असतात आणि गाठ स्वादुपिंडापुरतीच असताना सापडली तर प्रमाण याच्या कितीतरी वर जाते. ॲपल कंपनीचे सहसंस्थापक जॉब्ज यांचे उदाहरण तर येथे लागूच पडत नाही. त्यांची गाठ न्यूरोएंडोक्राइन या दुर्मीळ आणि सहसा संथ वाढणाऱ्या प्रकारची होती. २००३ मध्ये निदान झाल्यावर त्यांनी आहारावर भर देत सुमारे नऊ महिने शस्त्रक्रिया लांबवली, २००४ मध्ये ती झाली आणि त्यानंतर ते सात वर्षे जगले.

सुईने रोग पसरतो ही भीती मला समजते, कारण सुई गाठीतच जाते. पण ती कशी जाते हे पाहावे. टोकाला सोनोग्राफीचे यंत्र बसवलेली लवचीक नळी तोंडावाटे जठरात व लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात नेतात, आतड्याच्या भिंतीपलीकडेच असलेली गाठ पडद्यावर पाहतात आणि तिच्यातून बारीक सुईने काही पेशी घेतात. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडील भागात असेल, तर सुईचा मार्ग ज्या भागातून गेला तो पुढे शस्त्रक्रियेत बहुधा काढलाच जातो. शस्त्रक्रिया झालेल्या २,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता, आधी अशी बायोप्सी झालेल्यांचे आयुष्य त्यामुळे घटल्याचे आढळले नाही. स्कॅनवरील चित्र स्पष्ट असेल, तर काही वेळा बायोप्सीशिवायही थेट शस्त्रक्रिया करतात. केमोथेरपी द्यायची असेल तेव्हा मात्र पेशींचा पुरावा हवाच. हुबेहूब कर्करोगासारखी दिसणारी एक स्वादुपिंडाची सूज असते, तिला ना केमोथेरपी लागते ना शस्त्रक्रिया. ती स्टेरॉइडने ओसरते.

ऑपरेशनने माणूस लवकर जातो, हे विधान जुन्या काळातून आले आहे. व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढून उरलेले अवयव पुन्हा जोडतात. एके काळी तिच्यात बरेच रुग्ण दगावत. आज ती नेहमी करणाऱ्या केंद्रांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आहे. म्हणूनच ‘वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया येथे होतात?’ हा प्रश्न सर्जनला जरूर विचारावा. केमोथेरपीविषयी आकडेच बोलतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर अनेक औषधांची एकत्रित केमोथेरपी घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण ५४ महिन्यांहून अधिक जगले. जेमसिटाबिन हे एकच औषध घेतलेल्यांच्या गटात हा काळ ३५ महिने होता. जुलाब, बोटांना बधिरपणा, पांढऱ्या पेशी कमी होणे हे त्रास खरे आहेत, म्हणून अशक्त रुग्णाला सौम्य औषधे निवडतात.

एन्झाइम (अन्न पचवणारी द्रव्ये) व रसांचा उपाय प्रत्यक्ष तपासला गेला आहे, ही गोष्ट संदेशात कोठेच येत नाही. एन्झाइमच्या भरपूर गोळ्या, विशिष्ट आहार आणि कॉफीचा एनिमा अशा पद्धतीची केमोथेरपीशी तुलना करणारा अमेरिकेतील अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कोणता उपचार घ्यायचा हे रुग्णांनी स्वतः ठरवले होते. केमोथेरपी घेतलेल्यांचा मध्यक जीवनकाळ (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) १४ महिने होता, एन्झाइम घेतलेल्यांचा ४.३ महिने, आणि रोजचे जगणेही केमोथेरपीच्याच गटात अधिक सुसह्य होते. हा आकडा वाचून मला फार वाईट वाटते, कारण त्या माणसांनी तो मार्ग आशेने निवडला होता.

एन्झाइमचा खरा उपयोग वेगळाच आहे. गाठीमुळे स्वादुपिंडातील पाचकरस आतड्यात पोहोचत नाहीत, शौच तेलकट होते, पाण्यावर तरंगते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. अशा रुग्णाने पहिल्या घासाबरोबर एन्झाइमची कॅप्सूल घ्यायची असते, जेवण लांबले तर मध्ये आणखी एक. तासाभराने आठवण झाली तर तिचा फारसा उपयोग नाही. गाठ तिने तसूभरही कमी होत नाही, पण वजनाची घसरण थांबू शकते. अशा माणसाचे अन्न ‘साखर कर्करोगाला पोसते’ म्हणून तोडणे म्हणजे त्याचे स्नायू झिजवणे आणि केमोथेरपी सोसण्याची ताकदच काढून घेणे. मधुमेह असेल तर साखर औषधांनी आणि आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने सांभाळावी.

आणि रोग पसरलेला असला, तरी ‘आता काही करू नका’ हा सल्ला चुकीचाच ठरतो. पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्याजवळ इंजेक्शन देऊन वेदना बऱ्याच कमी करता येतात. पित्तनलिका दबून कावीळ झाली असेल, तर एंडोस्कोपीने (तोंडावाटे नळी घालून) आत स्टेंट म्हणजे छोटी नळी बसवून पित्ताची वाट मोकळी करता येते. काही दिवसांत अंगाची खाज उतरू लागते आणि रात्ररात्र खाजवत बसलेला माणूस झोपू शकतो.