नायट्रो, नायट्रोसो आणि एक फिरता संदेश

‘नायट्रिक ऑक्साइड हा फ्री रॅडिकल असल्याने प्रथिनांवर तुटून पडतो आणि त्यांना कायमचं नासवतो. अँटिऑक्सिडंट घ्या, प्रथिनं पुन्हा कोरी होतील.’ हा मजकूर तुमच्यापर्यंतही आला असेल. त्यात तीन दावे आहेत आणि तिन्ही डळमळीत.

‘तुटून पडतो’. फ्री रॅडिकल (जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा कण) हे खरं, पण सगळेच रॅडिकल आक्रस्ताळे नसतात. प्रथिनांच्या घटकांशी, म्हणजे अमिनो आम्लांशी, नायट्रिक ऑक्साइड (एनओ) स्वतः फारसं भांडत नाही. काही प्रथिनांत असलेल्या हीम या लोहयुक्त गटातल्या लोहाला मात्र तो पटकन धरतो, आणि रक्तवाहिन्या सैल होण्याचा निरोप तिथूनच पुढे जातो. 1998चं नोबेल याच निरोप्याच्या शोधासाठी होतं. गडबड होते ती त्याची सुपरऑक्साइडशी, म्हणजे ऑक्सिजनपासून पेशीत बनणाऱ्या दुसऱ्या रॅडिकलशी, गाठ पडली की. त्यातून पेरॉक्सिनायट्राइट बनतं, ते कार्बन डायऑक्साइडला भिडतं आणि काही अंशी दोन खरे आडदांड रॅडिकल सुटतात: कार्बोनेट आणि नायट्रोजन डायऑक्साइड (एनओ-टू). पहिला टायरोसिन या अमिनो आम्लातला हायड्रोजन ओढून घेतो, दुसरा टायरोसिनच्या कार्बन-कड्यावर जाऊन बसतो.

‘कायमचं नासवतो’. इथे दोन वेगळ्या क्रियांची खिचडी झाली आहे. सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकावर एनओ बसला (हा नायट्रोसो बदल) तर प्रथिनाचं वजन 29 डाल्टनने (रेणूंचं वजन मोजायचं एकक) वाढतं. टायरोसिनवर एनओ-टू बसला (हा नायट्रो बदल) तर 45ने. फरक एका ऑक्सिजनचा, पण परिणामांत जमीन-अस्मानाचं अंतर. गंधक-नायट्रोजन बंध कच्चा असतो. पेशीतलेच ग्लुटाथायोन आणि थायोरेडॉक्सिन हे रेणू तो सोडवतात. पेशीमृत्यू घडवणाऱ्या कॅस्पेस-3 या विकराच्या सिस्टीनवर शांत पेशीत एनओ बसलेला सापडतो, आणि मृत्यूचा संकेत आला की तो उतरतो. याला नासणं कसं म्हणायचं? हे तर कुलूप झालं.

नायट्रोटायरोसिनची, म्हणजे एनओ-टू बसलेल्या टायरोसिनची, गोष्ट मात्र गंभीर, आणि तिथे संदेशवाल्याचं अर्धं बरोबर आहे. तो कार्बन-नायट्रोजन बंध पक्का असतो. टायरोसिनचा पीके-ए, म्हणजे ज्या सामूला त्याचे निम्मे रेणू हायड्रोजन सोडून ऋणभारित होतात तो आकडा, साधारण 10. नायट्रो गट बसल्यावर तो 7च्या जरा वर येतो. म्हणजे एरवी भाररहित असलेल्या जागी शरीराच्या सामूवर बऱ्याचदा ऋणभार उभा राहतो. मायटोकॉन्ड्रियातल्या मँगनीज सुपरऑक्साइड डिसम्युटेजचा 34व्या क्रमांकाचा टायरोसिन असा बिघडला की विकर बंद पडतं. आणि सुपरऑक्साइड आवरायचं काम नेमकं त्याचंच! तरीही ‘कायमचं’ म्हणायचं ते त्या एका रेणूपुरतं. पेशी बिघडलेली प्रथिनं मोडून नवी बनवतच असते.

राहिलं ‘पुन्हा कोरी’. व्हिटॅमिन सी घ्या उदाहरणाला. सिस्टीनवरचा एनओ शोधण्याची 2001मधली बायोटिन-स्विच पद्धत त्याच्यावरच उभी आहे: प्रयोगनळीत अ‍ॅस्कॉर्बेट (व्हिटॅमिन सीचंच रूप) गंधकावरचा एनओ उतरवतं. नायट्रोटायरोसिन पूर्ववत करणं त्याला जमत नाही. म्हणजे जो बदल पेशी स्वतःच पुसू शकते तोच ते पुसतं, पक्का डाग तसाच राहतो. रॅडिकल टायरोसिनपर्यंत पोचण्याआधीच अँटिऑक्सिडंटने त्याला टिपणं ही रसायनशास्त्रात बसणारी गोष्ट आहे, पण संदेशात ती कुठेच नाही.