‘फोन फुकट असताना वेगळा सॅटनॅव्ह कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटेना, म्हणून सविस्तर लिहितोय, लांबलं तर समजून घ्या.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की इंग्लंडच्या डोव्हर बंदरावरून पलीकडे युरोपात कॅरॅव्हॅन (कारमागे जोडायचं चाकांवरचं घर) घेऊन जाणार असाल तर लांबी, रुंदी, उंची आणि वजन भरता येईल असाच सॅटनॅव्ह (गाडीत रस्ता दाखवणारं यंत्र) घ्या, आणि टोल टाळण्याचं सेटिंग बंद ठेवा. दादांचं म्हणणं असं की हा नुसता खर्च आहे, गूगल मॅप्स फुकट मिळतो, ते स्वतः कितीतरी वर्षं फोन आणि कागदी नकाशावर युरोपात फिरतायत, त्यांच्या एका मित्राला तर खास कॅरॅव्हॅनसाठीच्या सॅटनॅव्हनेच गल्लीत नेऊन अडकवलं, आणि एवढं मोठं लिहून मी स्पीड कॅमेऱ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. शिवाय जूनमध्ये ते इटलीतल्या गार्डा लेकला जातायत आणि फोनवरच जाणार आहेत.

कॅमेऱ्यांचं आधी, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि चूक माझी आहे. फ्रान्समध्ये जानेवारी २०१२ पासून कॅमेऱ्याची नेमकी जागा दाखवणारी सूचना वापरायला बंदी आहे, त्याऐवजी यंत्रं ‘डेंजर झोन’ दाखवतात, मोटरवेवर तो ४ किलोमीटरचा असतो, गावाबाहेरच्या रस्त्यावर २ किलोमीटर आणि गावात ३०० मीटर. जर्मनीतही गाडी चालवताना अशी सूचना वापरता येत नाही, आणि स्वित्झर्लंडमध्ये तर इतकं कडक आहे की यंत्र जप्त होऊ शकतं. म्हणजे बोटीत चढायच्या आधीच कॅमेऱ्यांची सूचना सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची. आणि हे फोनलाही तितकंच लागू आहे बरं का, फोनवरची अ‍ॅप्सही यातून सुटत नाहीत. मूळ लेखात ही दुरुस्ती आजच टाकली, मनापासून आभार.

आता मुख्य मुद्दा. फोनने रस्ता सापडत नाही असं मी कुठेच म्हटलेलं नाही. फ्रान्समध्ये कॅले ते रांस ते त्र्वा, ए २६ मोटरवे धरून सरळ, हा रस्ता कोणताही फोन दाखवेल आणि चांगला दाखवेल, उलट ट्रॅफिकची माहिती फोनवर जास्त ताजी असते. मोटरवेवर कॅरॅव्हॅनचा प्रश्न फारसा येतच नाही. प्रश्न येतो शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये, मोटरवे सोडल्यापासून कॅम्पसाइटच्या फाटकापर्यंत. कारण गाडी एकटी असेल तर चुकलं तरी पुढच्या वळणावर वळवून परत येता येतं. मागे कॅरॅव्हॅन असली की वळवता येत नाही, आमची गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून जवळजवळ १२ मीटर आहे, आणि रिव्हर्स घ्यायचं म्हटलं तर अरुंद वळणाच्या रस्त्यावर ते कसं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून मी सॅटनॅव्हकडे बघतो ते एकाच नजरेने, की जिथून परत फिरता येणार नाही अशा जागी हा मला नेणार नाही ना.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाहीये. आमच्या दुसऱ्या ट्रिपला नॉर्मंडीत साध्या कारच्या सॅटनॅव्हवर होतो, सेटिंग चुकून ‘शॉर्टेस्ट’वर राहिलेलं, आणि कॅम्पसाइट नऊ किलोमीटरवर असताना त्याने एका गावात डावीकडे वळवलं. सुरुवातीला रस्ता बरा होता, मग दोन्ही बाजूला दगडी घरं आली, मग फुटपाथ संपला, आणि पुढे एका घराची दगडी पायरी रस्त्यात आलेली. डावा टोइंग मिरर (कॅरॅव्हॅनच्या मागचं दिसावं म्हणून लावलेला जास्तीचा आरसा) दुमडला, बायको उतरून पुढे चालत हात दाखवतेय, मी इंचाइंचाने पुढे, आणि पायरीपाशी कॅरॅव्हॅनचं चाक आणि दगड यात जेमतेम चार बोटं राहिली. थांबलो. मागे तोपर्यंत दोन गाड्या. शेवटी तिथेच कॅरॅव्हॅन सोडवली, हँडब्रेक लावला, जॉकी व्हील (कॅरॅव्हॅनचं पुढचं टेकूचं चाक) खाली घेतलं, केबल आणि प्लग काढला, कार पुढे नेली, आणि मोटर मूव्हरचे (कॅरॅव्हॅन कारशिवाय हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) रोलर टायरला टेकवून रिमोटवर थोडं मागे थोडं पुढे करत ती त्या पायरीपासून सोडवली. पाऊण तास गेला. एक आजोबा घरातून आले आणि काही न बोलता आपल्या खिडकीखालच्या जिरॅनियमच्या कुंड्या एकेक करून आत नेऊन ठेवल्या, आम्हाला जागा व्हावी म्हणून. ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे. मूव्हर नसता तर काय केलं असतं हा विचार आजही नको वाटतो.

त्या सॅटनॅव्हची काही चूक नव्हती खरं तर. त्याला माहीतच नव्हतं मागे काय आहे ते. आणि हीच गोष्ट गूगल मॅप्सची, त्यात तुमची उंची २.६ मीटर आणि रुंदी २.३ मीटर आहे हे सांगायला जागाच नाही. म्हणून मी म्हणतो की ज्यात हे सांगता येतं ते घ्या. आणि इथे एक गोष्ट मी लेखात नीट लिहायला हवी होती, वेगळं यंत्रच हवं असं अजिबात नाही. गार्मिनची कॅम्पर मालिका आहे, टॉमटॉमचा गो कॅम्पर आहे, पण सिजिकसारखी फोनवर चालणारी अ‍ॅप्सही आहेत ज्यात मापं भरता येतात. तुम्हाला फोनच आवडत असेल तर तसं अ‍ॅप घ्या, माझी काहीच हरकत नाही. मी स्वतः यंत्र वापरतो ते दोन कारणांनी, एक म्हणजे जुलैच्या उन्हात काचेवर लावलेला फोन तापून स्क्रीन अंधारतो, आणि दुसरं म्हणजे डोंगरात रेंज गेली तरी यंत्रात सगळा नकाशा आतच असतो. फोनवर जाणार असाल तर निघायच्या आधी घरच्या वायफायवर नकाशे डाउनलोड करून ठेवा, तेवढं नक्की करा.

आता तुमच्या मित्राचं. त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, हे होतं. यंत्राला फक्त नकाशात भरलेलंच कळतं. पुलाची उंची, वजनाची मर्यादा, रुंदीचा बोर्ड हे मोठ्या रस्त्यांवर बऱ्यापैकी भरलेलं असतं कारण ट्रकवाल्यांना ते लागतं. पण गावातल्या ज्या गल्लीला कसला बोर्डच नाही, तिची रुंदी कुणी मोजून नकाशात घातलेली नसते, मग यंत्र तिला मोकळा रस्ता समजतं. मापं भरली म्हणजे धोका कमी होतो, संपत नाही. पण कमी होतो ना! मित्राला एकदा फसवलं म्हणून मापं न भरणारंच बरं, हे मला पटत नाही. तुम्ही त्यांना एक विचारून बघा, मापं भरली होती का आणि कोणत्या युनिटमध्ये. आपल्याकडे ब्रिटनमध्ये पुलावर फूट-इंचही लिहिलेले असतात, पलीकडे सगळं मीटरमध्ये. २.६ मीटर म्हणजे साधारण साडेआठ फूट, आणि उंची मोजताना छतावरचा एसी किंवा अँटेना धरूनच मोजायची, कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा उचलायचा नाही.

आणखी एक चूक पुष्कळ जण करतात, ट्रकचं अ‍ॅप घेतात, ‘मोठ्या गाडीसाठी आहे म्हणजे चालेल’ म्हणून. ट्रकचं चित्र असलेला बंदीचा बोर्ड मालवाहू गाड्यांसाठी असतो, आपल्याला लागू होत नाही, त्यामुळे ते अ‍ॅप उगाच लांबून फिरवतं. उलट काही घाटात ट्रकला परवानगी असते पण कारमागे जोडलेल्या कॅरॅव्हॅनला नसते, तिथे ते अ‍ॅप गप्प बसतं. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. प्रोफाइल ‘कॅरॅव्हॅन’ असंच असायला हवं.

पत्ता कसा भरायचा याबद्दल मात्र मला मापांइतकंच तळमळून सांगायचंय, कारण यात फोनवालेही फसतात आणि यंत्रवालेही. फ्रान्समध्ये सँ-मार्तँ नावाची गावं इतकी आहेत की नुसतं नाव टाकलं तर तुम्ही दुसऱ्याच प्रांतात पोचाल, पोस्टकोडही पुष्कळदा चार-पाच गावांना मिळून एकच असतो. म्हणून मी कायम अक्षांश-रेखांश भरतो. पण ते भरतानाही दोन खड्डे आहेत. पहिला, कॅम्पसाइटच्या गाइडमध्ये अंश-मिनिटं दिलेली असतात आणि यंत्र दशांशात मागतं. ४९ अंश ३० मिनिटं म्हणजे ४९.५०, ते ४९.३० असं टाकलंत तर २२ किलोमीटर दक्षिणेला जाल. दुसरा खड्डा नॉर्मंडीतला, ग्रिनिचची शून्य रेषा तिथूनच जाते, त्यामुळे काही गावं रेषेच्या पूर्वेला आणि काही पश्चिमेला. काँ शहराचा रेखांश साधारण ०.३७ पश्चिम आहे, ते वजा चिन्ह विसरलात की सरळ ५४ किलोमीटर पूर्वेला पोचाल, आणि यंत्र अगदी आत्मविश्वासाने सांगेल की तुम्ही पोचलात. घेताना दुकानात हे करून बघा, आकडे कोणत्या पद्धतीने भरता येतात, भरल्यावर पूर्ण रस्ता नकाशावर मोठा करून दाखवतो का, आणि मध्ये आपल्या पसंतीचा थांबा घालता येतो का. हे तिन्ही नसेल तर स्क्रीन कितीही मोठी असो, घेऊ नका. आणि कॅम्पसाइटच्या वेबसाइटवर ‘गावानंतर सॅटनॅव्ह बंद करा, आमचे बोर्ड बघा’ असं लिहिलं असेल तर खरंच बंद करा, त्या लोकांनी शेकडो कॅरॅव्हॅन अडकलेल्या बघितलेल्या असतात.

टोलबद्दल तुम्ही लिहिलंय की मी लोकांचे पैसे वाया घालवतोय. फ्रान्सच्या मोटरवेवर २ ते ३ मीटर उंचीची कॅरॅव्हॅन मागे असली की टोलचा क्लास २ लागतो, एकट्या कारपेक्षा जास्त पडतो, मान्य. पण टोल टाळा असं सेटिंग सरसकट लावलं की यंत्र प्रत्येक गावाच्या चौकातून, प्रत्येक राउंडअबाउटवरून नेतं. त्यापेक्षा फुकटचा चांगला रस्ता आपण स्वतः हेरून तिथे थांबा घालावा. ए ७५ चंच बघा, क्लेरमाँ-फेराँपासून बेझिएपर्यंत पूर्ण मोटरवे, आणि टोल फक्त मियोच्या पुलाला. असे रस्ते यंत्र आपणहून सुचवेलच असं नाही.

आणि वेग. स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणारी मर्यादा साधारणपणे एकट्या कारची असते, तिच्यावर विसंबू नका. जर्मनीत कॅरॅव्हॅनसह ताशी ८० किलोमीटर आहे, शंभरची परवानगी वेगळी काढली असेल तरच ऑटोबानवर (तिथल्या मोटरवेवर) १००, इटलीत मोटरवेवर ८०. मी देशाप्रमाणे आकडे एका कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवतो.

कागदी नकाशाबद्दल तुमच्याशी माझं भांडणच नाही. मिशलँचा नकाशा आमच्याही गाडीत बायकोच्या मांडीवर असतो, आणि त्यातले चढाचे बाण कोणत्याही स्क्रीनपेक्षा पटकन कळतात, एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. दोन बाण दिसले की आम्ही आधी बोलतो, तीन दिसले की रस्ता बदलतो. यंत्राने काढलेला रस्ता आदल्या रात्री या नकाशावर बोटाने फिरवून बघायचा, दहा मिनिटं लागतात.

आता गार्डा. ऑस्ट्रियातून जाणार असाल तर फोन तुम्हाला गार्मिश-झेफेल्डवरून नेऊन झिर्लर बेर्गच्या घाटाने इन्सब्रुककडे उतरवू शकतो. तिथे १६ टक्के उतार आहे, ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांसाठी बाजूला वेगळ्या लेन काढलेल्या आहेत, कॅरॅव्हॅन घेऊन तिकडे जाऊ नका. त्यापेक्षा फर्न पासच्या घाटाने या, नासेराइटवरून इम्स्टकडे उतरून ए १२ मोटरवे धरा, आणि फोनवर इम्स्टला थांबा घालून ठेवा म्हणजे तो परत परत तिकडे ओढणार नाही. ऑस्ट्रियाचं विन्येट (मोटरवे वापरण्याचा परवाना) कारचं घेतलं की कॅरॅव्हॅनला वेगळं लागत नाही, पण इटलीच्या सीमेवरच्या ब्रेनर घाटाच्या मोटरवेचा टोल वेगळा भरावा लागतो. स्वित्झर्लंडवरून गेलात तर तिथे उलटं, कारला एक आणि कॅरॅव्हॅनला दुसरं, प्रत्येकी ४० फ्रँक.

ब्रेनर ओलांडला की ए २२ वर कुठे उतरायचं हे कॅम्पसाइटवर अवलंबून आहे. उत्तरेला तोर्बोले-रीवाकडे असेल तर रोवेरेतो सूद, पूर्व किनाऱ्याला खालच्या बाजूला असेल तर आफी. पश्चिम किनाऱ्याला असेल तर रीवावरून किनाऱ्याने खाली जाऊ नका, तो रस्ता जुन्या अरुंद बोगद्यांचा आहे, समोरून बस आली की दोघांनाही अवघड होतं. दक्षिणेला पेस्किएरावरून वळून वर या, जास्त अंतर पडेल पण निवांत याल. तुमची साइट कोणत्या किनाऱ्याला आहे ते कळवा, म्हणजे शेवटच्या दहा किलोमीटरचे थांबे अक्षांश-रेखांशासकट लिहून पाठवतो, फोनमध्ये तसेच भरता येतील.