थर्मोकोलचा ज्वालामुखी आणि लोखंडी स्टूल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: प्रकल्पातून शिकणं हे खात्यापित्या घरांचं फॅड आहे, प्रकल्प शेवटी आईबापच करतात आणि या नादात पोरांचं गणित कच्चं राहतं. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे, ते उडवून लावता येत नाही.

मधला मुद्दा तर शंभर टक्के खरा. रविवारी रात्री दुकानाचं अर्धं शटर पडलेलं असताना चार्टपेपर मागणारे पालक मीही बघतो. 2018 साली राज्यात थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर बंदी आली. शाळेच्या प्रकल्पातला थर्मोकोलचा ज्वालामुखी मात्र अजून जागृत आहे. याला शिक्षण म्हणायचं असेल तर मी तुमच्याच बाजूचा.

पण श्रीमंतांचं फॅड? डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून 1983 मध्ये पाबळला गेले, शिरूर तालुक्यातल्या दुष्काळी गावात. त्यांनी तिथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे तोच मुळी शाळा सुटलेल्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून. शिवाय आठवी ते दहावीच्या मुलांसाठी शाळेतच आठवड्यातला एक दिवस: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. मुलं गावातली कामं घेतात आणि गिऱ्हाइकाकडून त्याचे पैसे घेतात. माझ्या मते सगळी मेख या पैसे घेण्यात आहे.

आता तुमच्या गणिताकडे येतो. समजा, अँगलचं, म्हणजे काटकोनात वळलेल्या लोखंडी पट्टीचं साधं स्टूल करायचंय. वरच्या चौकटीची प्रत्येक बाजू 30 सेंटिमीटरची, चारी पाय 45 चे. म्हणजे 3 मीटर अँगल. पण दुकानदार तो विकतो किलोवर. 25 बाय 25 बाय 3 मिलिमीटरचा अँगल मीटरला साधारण 1.1 किलो भरतो, म्हणजे झाला 3.3 किलो. त्यात आडव्या पट्ट्या, कापताना वाया जाणारे तुकडे, वेल्डिंगचे रॉड, प्रायमर, रंग आणि मजुरी. एवढं धरून भाव सांगायचा. कमी सांगितला तर पदरचे जातात, जास्त सांगितला तर गिऱ्हाईक जातं. नफा-तोट्याचं उदाहरण पुस्तकातही असतं, पण तिथे चुकलं तर फक्त लाल शेरा मिळतो.

चौकट जुळवताना तर खरी मजा. आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारायचे, मग टेपनं दोन्ही कर्ण मोजायचे. चारी बाजू बरोबर 30 भरतात आणि तरी चौकट तिरकी असते, कारण चौरसाऐवजी समभुज चौकोन झालेला असतो. कर्ण सारखे येईपर्यंत ठोकायचं आणि मगच पक्कं वेल्डिंग. हा फरक फळ्यावर समजावताना तुमचे किती खडू झिजले असतील, सर! इथे तो न समजलेल्या मुलाचं स्टूल कुणी घरी नेत नाही.

पाढ्यांबद्दल तुमच्याशी भांडण नाहीच. सतराचा पाढा स्टूल करून येत नाही, तो घोकावाच लागतो. बीजगणितातली नित्य समीकरणंही वर्कशॉपमध्ये आपणहून भेटायला येत नाहीत. सगळंच प्रकल्पातून शिकवू म्हणणाऱ्या शाळांच्या जाहिराती बघून मलाही धास्तीच वाटते. पाबळच्या शाळेतल्या पद्धतीत आठवड्याचा एकच दिवस असतो, बाकीचे दिवस फळा-खडू चालूच. मला हे प्रमाण शहाणपणाचं वाटतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, साठ मुलांच्या वर्गात हे जमवायचं कसं? साठ जणांना एकदम नाहीच जमत. गट पाडून आळीपाळीनं करावं लागतं, आणि वेल्डिंग शिकवायला बीएड झालेला माणूसच हवा हा हट्ट सोडावा लागतो. गावातला फॅब्रिकेशनवाला ते काम अधिक चांगलं करतो. त्याला तासाचे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे, यावर मुख्याध्यापकांचं घोडं अडतं. तुम्ही शाळेच्या आतले आहात. यातून वाट कशी काढता येईल ते लिहा, मला खरंच वाचायचंय.